खांद्याचा एमआरआय : किती खरा, किती पुरेसा?

खांदा दुखतो म्हणून येणारे कित्येक रुग्ण हल्ली खुर्चीवर बसण्याआधीच एमआरआयचे मोठे पाकीट माझ्या टेबलावर ठेवतात. "डॉक्टर, आतला स्नायू फाटलाय म्हणे. आता ऑपरेशनच ना?" हा पहिला प्रश्न. काहींचा प्रश्न उलटा असतो. "रिपोर्ट तर चांगला आहे, मग खांदा का दुखतो?" दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच आहे. तपासणी महागडी, तेव्हा तीत दिसले ते सारे दुखण्याचे कारण आणि दिसले नाही ते नाहीच! ही समजूत कितपत बरोबर आहे, ते आज पाहू.

फाटते ते काय?

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. हा चेंडू जागेवर धरून ठेवण्याचे काम पाठीवरच्या फऱ्याच्या हाडापासून निघणारे चार स्नायू करतात. स्नायूचे जे पांढरे, चिवट टोक हाडाला चिकटते त्याला कंडरा म्हणतात. या चार कंडरा मिळून दंडाच्या हाडाच्या डोक्यावर जणू गवसणी घालतात. हाच रोटेटर कफ. त्यातली वरच्या बाजूची, सुप्रास्पायनेटस या स्नायूची कंडरा सर्वांत जास्त वेळा फाटते. कधी पडल्यामुळे, कधी जड ओझे झटक्याने उचलल्यामुळे, तर पुष्कळदा वयोमानाने झिजून.

धोतर आरपार फाटणे वेगळे आणि एका जागी विरणे वेगळे. कंडरेचेही तसेच आहे. काही फाटी आरपार असतात, काही अर्धवट जाडीच्या. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण एमआरआयचा खरेपणा त्यावरच अवलंबून आहे.

आकडे काय सांगतात?

एक्स-रेमध्ये हाड दिसते, कंडरा दिसत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकाच्या व रेडिओलहरींच्या साह्याने शरीरातील पाण्याचा व चरबीचा वेध घेऊन चित्र तयार होते. निरोगी कंडरा त्यात काळी दिसते. ती आरपार फाटली की फटीत पाणी शिरते व काळ्या पट्ट्यात पांढरी खिंड उमटते.

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये यावरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. एमआरआयचा निष्कर्ष प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत दिसलेल्या स्थितीशी ताडून पाहिला. आरपार फाट असलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ९४ जणांची फाट एमआरआयने पकडली होती. अशी फाट नसलेल्या १०० जणांपैकी सुमारे ७ जणांत मात्र ती असल्याचे चुकीने दाखवले. अर्धवट फाटीच्या बाबतीत १०० पैकी सुमारे ७४ च सापडल्या, उरलेल्या निसटल्या.

असे का होते? झिजून सुजलेली कंडरादेखील पांढुरकी दिसते. कंडरा चुंबकाच्या क्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करत असेल, तर निरोगी असूनही काही चित्रांत उजळ दिसू शकते. रुग्ण हलला तर चित्र पुसट येते. शिवाय यंत्राची ताकद आणि चित्र वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचा अनुभव, यांवरही पुष्कळ अवलंबून असते.

फाट आहे, दुखणे नाही!

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय त्यात काढले होते. त्यांपैकी ३४ टक्के लोकांच्या कंडरा फाटलेल्या निघाल्या. साठी ओलांडलेल्यांत तर हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे केस पिकतात तशी कंडराही झिजते. चित्रातील फाट खरी असेल, पण तुमचे दुखणे तिच्यामुळेच आहे असे नाही.

मधुमेह असलेल्या एक आजी असाच रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. त्यावर 'अर्धवट फाट' लिहिलेले. घरच्यांनी ऑपरेशनसाठी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. तपासताना त्यांचा हात त्यांनाही वर नेता येईना आणि मलाही नेता येईना. हा आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर. मधुमेहींत तो जास्त आढळतो. औषधे, व्यायाम आणि साखरेवर ताबा, एवढ्यावर काही महिन्यांत त्या स्वतःची वेणी घालू लागल्या.

याउलट, शिडीवरून पडलेला एक रंगारी. एक्स-रेत हाड शाबूत दिसले म्हणून तो तीन महिने खांदा चोळून घेत राहिला. मी हात वर नेला की जात होता, पण त्याचा त्याला उचलता येत नव्हता. एमआरआयमध्ये मोठी आरपार फाट निघाली. अशी फाट फार दिवस राहिली तर स्नायू आक्रसतो, त्यात चरबी भरते आणि पुढे कंडरा शिवणे अवघड होते. याला एमआरआय पहिल्या काही दिवसांतच हवा होता.

एमआरआय केव्हा करावा?

पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात उचलेनासा झाला, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. तेथे एमआरआयची गरज लवकर पडू शकते. हळूहळू सुरू झालेल्या दुखण्यात आधी तपासणी, एक्स-रे आणि दीड-दोन महिने योग्य व्यायाम. तरीही गुण नसेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तेव्हा एमआरआय. जाणकार हाताने केलेली सोनोग्राफी आरपार फाट जवळजवळ तितक्याच खात्रीने दाखवते आणि खर्चही कमी येतो. अर्धवट फाटीत मात्र ती एमआरआयच्या मागे पडते.

तपासणीपूर्वी शरीरात पेसमेकर, क्लिप वा धातूचा तुकडा असल्यास आवर्जून सांगावे. डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही न्यावी. आणि पाकीट उघडण्याआधी खांदा तपासून घ्यावा. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हात कुठवर जातो, हे फिल्मवर लिहिलेले नसते. ते तुम्हीच सांगायचे असते.