शंभर दाण्यांचा हिशेब

शेवटच्या वर्षातला विद्यार्थी वही-पेन घेऊन खेड्यात राहायला येतो, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, 'कोणत्या योजनेचे पैसे आणलेत?' त्याच्याजवळ पैसे नसतात. असते ते तीन वर्षांचे पुस्तकी ज्ञान, आणि तेही अजून कुठे वापरलेले नसते.

जबलपूरच्या अधारताल भागातील जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ १९६४ मध्ये स्थापन झाले. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे नाव ठाऊक नसेलही, पण १९९४ मध्ये प्रसारित झालेले या विद्यापीठाचे 'जेएस ३३५' सोयाबीन त्याने नक्की पेरलेले असेल. देशातील इतर कृषी महाविद्यालयांप्रमाणे येथील विद्यार्थ्यांनाही 'ग्रामीण कृषी कार्यानुभवा'साठी गावात काम करावे लागते. रंधावा समितीने १९९२ मध्ये या उपक्रमाची शिफारस केली होती.

गावात आल्यावर आधी विद्यार्थ्यालाच शिकावे लागते. या भागात 'हवेली' नावाची जुनी पद्धत आहे. उंच बांध घालून पावसाचे पाणी शेतात कोंडायचे, पावसाळा सरत आला की सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर हरभरा किंवा गहू पेरायचा. पाण्याखाली तण कुजते ते वेगळेच. शहरात वाढलेल्या मुलाला मात्र तुंबलेले शेत दिसले की निचऱ्याचा धडा आठवतो! धान आणि सोयाबीन आल्यापासून ही पद्धत बरीच कमी झाली आहे, पण तिच्यामागचा हिशेब जुन्या माणसांकडूनच समजून घ्यावा.

नकाशे, तक्ते, अहवाल यांत बरेच दिवस जातात, आणि खरे तर गरजेपेक्षा जास्तच जातात. मोलाचे ठरते ते एक साधे काम. पेरणीआधी घरच्या हरभऱ्याचे न निवडता शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. आठवडाभराने सशक्त कोंब मोजायचे. पंच्याऐंशी किंवा अधिक आले, तर बियाणे चांगले. पंच्याहत्तरच आले, तर एकरी तीस किलोंऐवजी चौतीस किलो पेरावे लागते. त्याहून फार कमी आले, तर ते बी डाळीला ठेवून दुसरे आणलेले बरे.

हीच चाचणी प्रयोगशाळेत केली की गुण मिळतात. इथे मोजणी चुकली, तर एका घराचा हंगाम वाया जातो. म्हणून गोणपाट उघडताना घरातली सारी जमतात, आणि विद्यार्थ्याने मोजून झाल्यावर घरातली म्हातारी ते कोंब पुन्हा एकदा स्वतः मोजते.

पेरणी होते, हरभरा वर येतो, तोवर सत्र संपते. पीक निघते फाल्गुनाच्या सुमारास. तेव्हा विद्यार्थी परीक्षेच्या तयारीत असतो. हरभरा कसा झाला, हे त्याला फोन करूनच विचारावे लागते.