आधी चित्र, मग स्टेंट

पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या निदानाचा आढावा हल्ली थेट एमआरसीपीपासून, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआय चित्रांपासून सुरू होतो. मी १९६५ पासून सुरू करतो. त्या वर्षी येल विद्यापीठातल्या जेराल्ड क्लॅटस्किन यांनी १३ रुग्णांची माहिती छापली. यकृतातली उजवी आणि डावी नलिका जिथं एकत्र येतात त्या संगमावर बसलेली ही गाठ लहानच असते, फारशी पसरतही नाही. पित्ताची वाट अडवून ती जीव घेते. १९७५ साली बिस्मथ आणि कोर्लेट यांनी, ती संगमापासून कुठवर चढली आहे यावरून, तिचे प्रकार पाडले. शस्त्रक्रियेचा विचार आजही तिथूनच सुरू होतो.

आमच्या उमेदवारीच्या काळात गाठ दिसायचीच नाही. यकृतात सुई घालून नलिकांत औषध भरायचं आणि ते कुठं थबकतं ते पडद्यावर पाहायचं. जाड सुईनं पित्त पोटात गळण्याची धास्ती असायची. जपानमधल्या चिबा विद्यापीठाच्या ओकुदांनी १९७४ साली बारीक, लवचीक सुईचा अनुभव प्रसिद्ध केला आणि ती धास्ती बरीच ओसरली. तोंडावाटे दुर्बीण घालून करायच्या ईआरसीपीबद्दल पुष्कळ लिहून झालंय, ते इथं नको.

मला बोलायचं आहे ते सोनोग्राफीबद्दल. ‘ती नुसती चाळणी, खरं निदान पुढच्या यंत्रात’ असं आमच्यातलेच काही विद्वान व्याख्यानांतून सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. उपाशीपोटी रुग्ण, डाव्या कुशीवर वळवलेला, श्वास रोखून धरलेला, आणि प्रोब धरणारा हात धीराचा. एवढ्यावर केवढं कळतं! यकृतातल्या नलिका फुगलेल्या, पण पित्ताशय चिपाड आणि खालची नलिका बारीक, तर अडथळा संगमाशी. पित्ताशयही तट्ट फुगलेलं, तर अडथळा खाली. उजव्या आणि डाव्या नलिका एकमेकींना मिळताना दिसत नाहीत? मग गाठ संगम ओलांडून गेली असणार. यकृताची एक बाजू आक्रसून तिथल्या नलिका दाटीवाटीनं उभ्या असतील, तर दुखणं जुनं. मग रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावून त्या बाजूला रक्त नेणारी पोर्टल शीर तपासायलाच हवी. गाठ स्वतः पुष्कळदा आसपासच्या यकृतात रंगानं मिसळून जाते, म्हणून नलिका एकदम कुठं तुटते तिथवर तिचा माग काढायचा. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून जाणाऱ्या चपट्या कृमींमुळे या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे. तिथल्या डॉक्टरांनी खेडोपाडी नेलं ते सोनोग्राफीचंच यंत्र.

सीटीबद्दल एकच सांगतो. ही गाठ तंतुमय, त्यामुळे कॉन्ट्रास्ट तिच्यात सावकाश मुरतो आणि काही मिनिटांनी ती उजळते. वेळ वाचवायला उशिराची चित्रं गाळणं म्हणजे गाठच गाळणं. १९९१ साली जर्मनीतून आलेल्या एमआरसीपीनं मात्र खरी क्रांती केली. साठलेलं पित्तच उजळतं; सुई नको, औषध नको.

माझं जुनं भांडण आहे ते स्टेंटच्या घाईशी. कावीळ दिसली की आधी नळी टाकायची, चित्रं नंतर काढायची, हा क्रम उलटा आहे. नळीनं फुगलेल्या नलिका मिटतात, भिंत सुजते, आत हवा शिरते. मग गाठीची कड कुठं आणि सूज कुठं, हे कुणालाच सांगता येत नाही. थंडी वाजून ताप येत असेल, पित्तात पू झाला असेल, तर थांबता येत नाही, हे मान्य. एरवी सीटी आणि एमआरसीपी आधीच व्हायला हवं.

आणि प्रत्येक अरुंद नलिका म्हणजे कर्करोग नव्हे. आयजीजी४ या प्रतिपिंडाशी निगडित आजारही नलिका अरुंद करतो, पण तो स्टिरॉइडनं निवळतो. पित्ताशयात अडकलेला खडा बाहेरून नलिका दाबतो. पोर्टल शीर बुजून तयार झालेलं शिरांचं जाळंही हुबेहूब हेच सोंग आणतं. उलट, ब्रशनं घेतलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून कर्करोग नाही असंही ठरत नाही.

आज यंत्रं उत्तम आहेत, पाहणारी नजर घाईत आहे. ‘नलिका फुगलेली, एमआरसीपी करावी’ एवढ्या दोन ओळींचा रिपोर्ट हातात पडतो. अडथळा कुठल्या पातळीवर, हा प्रश्नच त्यात नसतो. हे मला फार लागतं.

वाचकहो, पोट न दुखता कावीळ वाढत असेल, अंगाला खाज आणि शौच पांढरट असेल, तर काविळीच्या झाडपाल्यात आठवडे घालवू नका. लगेच सोनोग्राफी करा. आणि कुणी स्टेंट सुचवला, तर आधीची चित्रं पूर्ण झाली आहेत का, हे नक्की विचारा.