मंडईतली स्वस्त भाजी खरंच स्वस्त पडते का? उरलेल्या अन्नाचा हिशोब समजून घ्या

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत संध्याकाळ उलटली की पालेभाज्यांचे भाव उतरायला लागतात. माल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणार नसतो, म्हणून विक्रेते तो वाट्यावर स्वस्तात देतात. 1886 मध्ये 'रे मार्केट' या नावाने सुरू झालेल्या या बाजारातून पिशवी भरून निघालं की पैसे वाचल्यासारखं वाटतं. पण ते खरंच वाचले का, हे घरी गेल्यावर ठरतं.

हिशोब काय सांगतो?

समजा, 40 रुपयांना 1 किलो भाजी आणली आणि त्यातली पाव किलो फेकली. खाल्ली गेली पाऊण किलो. म्हणजे ती भाजी सुमारे 53 रुपये किलोने पडली. शिजवलेली भाजी फेकली, तर तेल, गॅस आणि मेहनतही वाया जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार, भारतातल्या घरांमध्ये दरवर्षी माणशी अंदाजे 55 किलो अन्न वाया जातं. यात सालं, बियांसारखा न खाण्याजोगा भागही मोजलेला आहे.

काय काय वापरता येतं?

यातला बराचसा भाग मराठी स्वयंपाकघराने कधीच वाया घालवला नाही. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालींची चटणी होते. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी होते. कोथिंबिरीची कोवळी देठं वाटणात जातात. उरलेलं वरण किंवा पालेभाजी कणकेत, भाजणीत घातली की पराठे आणि थालीपीठं होतात.

शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गूळ-तूप घालून लाडू होतो. फोडणीच्या भाताला तर आदल्या दिवशीचाच भात लागतो. थंड झाल्यावर भातातला स्टार्च घट्ट होतो, शितं मोकळी राहतात आणि परतताना गिचका होत नाही.

मग धोका कुठे आहे?

धोका आहे तो भात रात्रभर ओट्यावर ठेवण्यात. तांदळात 'बॅसिलस सेरियस' या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही टिकतात. भात बाहेर राहिला की जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष फोडणीच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. वासावरूनही ते कळेलच असं नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पाळावा:

- शिजवलेलं अन्न 2 तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका.
- फ्रीजचं तापमान 5 अंशांपेक्षा कमी ठेवा.
- खाण्याआधी अन्न वाफ येईपर्यंत गरम करा.

भात पसरट भांड्यात काढला तर लवकर निवतो. फ्रीजमधला भात शक्यतो दुसऱ्याच दिवशी संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकून द्यावा. तो वाचवून होणारी बचत डॉक्टरच्या एका फीपेक्षा कमीच असते.

आणि मंडईत निघण्याआधी एकदा फ्रीज उघडून पाहावा. आधीची मेथी तशीच असेल, तर नवी जुडी कितीही स्वस्त असली तरी महागच पडते.