गजकर्णाचं मलम आणि सिकलसेल

क्लोट्रिमाझोल म्हणजे गजकर्णावर लावायचं साधं मलम. नव्वदच्या दशकात अमेरिकेत हेच औषध सिकलसेलच्या काही रुग्णांना पोटातून दिलं गेलं. बुरशीच्या औषधाचं लाल रक्तपेशीत काय काम?

लाल पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेरच्या रक्तद्रवात जेमतेम. ही तफावत टिकवण्यासाठी आवरणातला पंप सतत राबतो: दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. १९५८ साली हंगेरीतल्या ग्योर्गी गार्डोश यांनी दाखवलं, की पेशीत कॅल्शियम वाढलं की पोटॅशियमला बाहेर पडायला वेगळीच वाट मिळते. तिला आज गार्डोश चॅनेल म्हणतात.

सिकलसेलमध्ये ही वाट घात करते. ऑक्सिजन सोडल्यावर सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब दांडे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. वाकताना कॅल्शियम आत शिरतं, चॅनेल उघडतं, पोटॅशियम बाहेर पडतं. पाठोपाठ क्लोराइड आणि पाणीही. पेशी सुकते, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं. खरी मेख इथे आहे. हा दाटपणा किंचित वाढला, तरी पुढच्या खेपेला दांडे कितीतरी पटींनी लवकर बनतात.

क्लोट्रिमाझोल नेमकं हे चॅनेल बंद करतं. गोळ्या घेतलेल्यांच्या पेशींत पोटॅशियम आणि पाणी टिकलं, पण यकृताला त्रास होण्याची भीती होती. म्हणून त्याच रेणूत फेरफार करून सेनिकॅपॉक हे औषध घडवलं. मोठ्या चाचणीत हिमोग्लोबिन वाढलं, पेशी फुटण्याचं प्रमाण घटलं. वेदनेचे झटके मात्र कमी झाले नाहीत, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली.

गडचिरोली किंवा नंदुरबारमधला सिकलसेलचा रुग्ण दवाखाना गाठतो तो बहुतेकदा असह्य दुखण्यामुळे; रिपोर्टवरचा आकडा सुधारून त्याचं भागत नाही. पेशी जास्त जगल्यामुळे रक्तच घट्ट होऊन बारीक वाहिन्यांतून सरकेनासं झालं असावं, असा संशोधकांचा एक तर्क आहे. उलट हायड्रॉक्सीयुरिया या चॅनेलच्या वाटेलाच जात नाही. ते बाळ गर्भात असताना बनणाऱ्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं, आणि झटके खरोखर कमी करतं.

सेनिकॅपॉक मात्र अजून बाद झालेलं नाही. काही मोजक्या कुटुंबांत गार्डोश चॅनेलच्या जनुकातच बिघाड असतो आणि पेशी आपोआप सुकतात. अशा रुग्णांच्या पेशींवर प्रयोगशाळेत ते लागू पडलं आहे.