बिघाड सेन्सरचा की तारेचा?
भंडारा जिल्ह्यातील अड्याळसारख्या गावी पोकलेनचा जोर अचानक मंदावतो, धूरनियंत्रणाचा दिवा पेटतो आणि तंत्रज्ञ येईपर्यंत दिवसाचे भाडे बुडते. मग घाईने महागडा नॉक्स सेन्सर बदलला जातो. वास्तविक संगणकाचा दोषसंकेत संपूर्ण सर्किटकडे बोट दाखवतो, केवळ सेन्सरकडे नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये ‘सीईव्ही स्टेज-४’ निकष लागू झाल्यावर अनेक मोठ्या यंत्रांत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण आले. त्याचे सेन्सर ‘कॅन’ नावाच्या तारांच्या जोडीवरून संगणकाशी बोलतात. बॅटरी तोडून या दोन तारांमधील रोध मोजावा. तो साधारण ६० ओहम हवा. १२० आढळल्यास टोकाचा एक रोधक किंवा मधली तार तुटलेली समजावी. मीटर मात्र धड असावा! हादऱ्यांनी सैल झालेला, आत हिरवट गंज चढलेला प्लग तसाच राहिला, तर नव्या सेन्सरवरही दिवा पुन्हा पेटतो.