पुण्याच्या पोरांचा एक किलोचा उपग्रह

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा उपग्रह 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून श्रीहरिकोटाहून अवकाशात गेला. वजन जेमतेम एक किलो, आकार दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्याएवढा. हॅम रेडिओवाल्यांचे, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांचे संदेश एका जागेहून दुसरीकडे पोचवायचे, हे त्याचं काम.

मला सगळ्यात भारी वाटते ती त्याची दिशा सांभाळायची युक्ती. मोटर नाही, इंधन नाही. आत एक कायमचुंबक बसवलेला. होकायंत्राची सुई जशी उत्तरेकडे वळते, तसा अख्खा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतो. पण नुसता चुंबक असेल तर उपग्रह डोलतच राहील. म्हणून सोबत खास मिश्रधातूच्या बारीक कांड्या, ज्या त्या डोलण्यातली ऊर्जा उष्णतेत जिरवतात. यासाठी वीज शून्य लागते!

त्याच वर्षी 26 सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोचा 'प्रथम' गेला, आयनावरणातल्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद करायला.

दोन्ही प्रकल्पांना कित्येक वर्षं लागली. चार वर्षांत बॅच पास होऊन निघून जाते, आणि अर्धवट सर्किट ज्युनिअर्सच्या हाती येतं. अशा वेळी धागा तुटू न देणारे असतात मार्गदर्शक प्राध्यापक. त्यांच्या श्रेयाबद्दल फार कमी बोललं जातं. इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना प्लेसमेंटचे आकडे सगळेच विचारतात. त्यासोबत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कोणते प्राध्यापक अशा प्रकल्पात घेतात, हेही जरूर विचारा.