फडावरच्या कोपींत तीन इयत्तांची शाळा

दसरा उलटून दिवाळी जवळ आली कीं बीड जिल्ह्यांतील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर सामानाची बांधाबांध सुरू होते. एकीकडे बालाघाटाच्या डोंगरपट्टींतील हलकी जमीन व बेभरवशाचा पाऊस, दुसरीकडे मुकादमाकडून आधींच घेतलेली उचल. या दोहोंच्या रेट्यानें उंसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणें, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकांतील बेळगांवकडच्या कारखान्यांवर जातात, त्या पाडव्याच्या सुमारास परततात. या मजुरांपैकीं पुष्कळजण स्वतः अल्पभूधारक शेतकरी आहेत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. पण कोयत्याच्या मागें जीं दोन, तीन किंवा चार मुलें गाडींत बसून निघतात, त्यांची नोंद उचलीच्या कागदावर नसते. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें व उन्हाळ्याच्या तोंडीं संपतें. त्यांतले मधले पांच-सहा महिने हीं मुलें फडावर असतात.

निरनिराळ्या वयांचीं मुलें एकाच छपराखालीं असतां त्यांना काय शिकवावें, कोणत्या पुस्तकावरून शिकवावें आणि तें कोणीं शिकवावें, या तीन प्रश्नांचा आम्ही येथें विचार करणार आहों. गांवापासून दूर शेतवस्तीवर राहणाऱ्या आणि पावसाळ्यांत ओढ्याला पूर आला म्हणजे मुलें घरीं ठेवाव्या लागणाऱ्या कुटुंबांसहि हा विचार उपयोगीं पडेल.

नांव शाळेंतच राहूं द्यावें

घरचें शिक्षण हा शाळेस पर्याय आहे, असें समजून कोणीहि मुलाचें नांव पटावरून काढूं नये. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षें वयाच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क दिला आहे. शाळा सोडल्याचा दाखला यावयास उशीर झाला, किंवा वर्ष मध्यावर आलें, एवढ्या कारणावरून मुलास प्रवेश नाकारतां येत नाहीं. मध्यें खंड पडलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गांत बसविण्याची तरतूदहि त्याच कायद्यांत आहे. म्हणून निघण्यापूर्वीं मुख्याध्यापकांस भेटून स्थलांतराची नोंद करावी, शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावें आणि कारखान्याच्या परिसरांतील जिल्हा परिषदेच्या शाळेंत किंवा साखरशाळा चालू असल्यास तेथें तें दाखवावें.

ज्यांच्या घरीं आजी-आजोबा आहेत त्यांनीं मुलें गांवींच ठेवून हंगामी वसतिगृहाचा लाभ घ्यावा, हें सर्वांत उत्तम. पांचवीपुढील मुलांसाठीं २०२१ सालीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. तींत उंसतोड मजुरांच्या ४१ तालुक्यांत मुलांचें एक व मुलींचें एक, अशीं ८२ वसतिगृहें योजिलीं आहेत. परंतु मागें ठेवण्यास घरांत वडील माणूस नाहीं, धाकटें मूल आईस सोडीत नाहीं आणि फडापासून शाळा दोन कोस दूर, अशी पुष्कळांची स्थिति असते. पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठीं आहे.

अनेक वयें, एकच वर्ग

तीन वयांचीं मुलें एकत्र कशीं शिकतील, ही शंका सर्वत्र ऐकूं येते. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेंत सर्व वयांचीं मुलें एकाच ओसरीवर बसत. धाकटा धूळपाटीवर अक्षर गिरवी, मधला उजळणी व पावकी-निमकी म्हणे, थोरला मोडी वळण घोटी. मद्रास येथील डॉ. अँड्र्यू बेल यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस एका देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढतांना पाहिलीं आणि मोठ्या मुलानें लहानास शिकवावें अशी पद्धत आपल्या शाळेंत बसविली. १७९७ सालीं लंडन येथें त्यांनीं तिचें वर्णन छापलें, आणि पुढें ती विलायतेंतील गरिबांच्या शाळांत पसरली. तिचा दोषहि कालांतरानें दिसून आला: पाठांतर वाढलें, समज वाढली नाहीं, आणि शिकविणाऱ्या मुलाचा स्वतःचा अभ्यास मागें पडला.

यापेक्षां शहाणपणाचा मार्ग महाराष्ट्रांतच निघाला. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. तें कार्य १९५७ सालीं जवळच्या कोसबाड टेकडीवर गेलें व अनुताई वाघ यांनीं तें पुढें चालविलें. मोठीं मुलें धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठीं घरीं राहतात, हें पाहून त्यांनीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणली व तीस 'विकासवाडी' म्हटलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत, तेव्हां शाळाच कुरणावर नेली, ती 'कुरणशाळा'. मूल जेथें आहे तेथें शाळेनें जावें, आणि भावंडांस वेगळें न करतां शिकवावें, हीं दोन तत्त्वें फडावरील कोपीसहि लागू पडतात.

अभ्यासक्रम कसा निवडावा

मूल चौथींत आहे म्हणून त्याच्या हातीं चौथीचें पुस्तक द्यावें, ही पहिली चूक होय. ज्यास जोडाक्षरें येत नाहींत त्यास चौथीचें पुस्तक म्हणजे बंद दार. मूल कोणत्या पायरीवर उभें आहे तें आधीं पाहावें. 'प्रथम' या संस्थेनें २००५ सालापासून घेतलेल्या 'असर' पाहणींत यासाठीं एक सोपी कसोटी वापरली जाते. ती कोणाहि साक्षर मनुष्यास घरीं घेतां येईल. मुलास सुटीं अक्षरें ओळखतां येतात काय? साधे शब्द? चार ओळींचा उतारा? लहानशी गोष्ट? तसेंच गणितांत एक ते नऊ अंक, मग दोन अंकी संख्या, मग हातचा घेऊन वजाबाकी, मग तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येनें भागाकार. मूल जेथें अडखळेल, तेथून त्याचा अभ्यासक्रम सुरू करावा. अकरा वर्षांची मुलगी व आठ वर्षांचा मुलगा एकाच पायरीवर निघाल्यास त्यांत लाज मानूं नये; दोघांस एकच धडा देतां येईल व शिकविणाराचे श्रम वांचतील.

पुस्तकें शोधीत बसण्याचें कारण नाहीं. १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें सरकारी शाळेंत आठवीपर्यंत मोफत मिळतात. तीं शाळेंतून मागून बरोबर न्यावीं. मागील एका इयत्तेचें मराठीचें व गणिताचें जुनें पुस्तकहि गांवांत मागून घ्यावें, कारण खरी गरज पुष्कळदां त्याचीच असते. सर्व विषय कोपींत उरकण्याचा हव्यास धरूं नये. वाचन, लेखन आणि गणित हीं तीन पक्कीं झालीं तर मूल परतल्यावर बाकीचे विषय भरून काढूं शकतें; हीं तीन कच्चीं राहिलीं तर बाकीचे विषय शिकवून उपयोग नाहीं. मोबाईल असल्यास पुस्तकांवरील चौकोनी संकेतचिन्हावरून 'दीक्षा' वरील पाठ पाहतां येतात, पण त्यावर सर्व भिस्त ठेवूं नये. फडावर वीज व रेंज यांचा भरंवसा नसतो. पाटी, पेन्सिल, दोन वह्या व पुस्तकें पत्र्याच्या पेटींत घालून न्यावीं, म्हणजे पावसानें व उंदरांनीं खराब होणार नाहींत.

एक वस्तु, तीन धडे

शिकविणाराची शक्ति थोडी असते, म्हणून विषय एक घ्यावा व काम प्रत्येकाच्या पायरीप्रमाणें वांटून द्यावें. उंसाची मोळी हेंच उदाहरण घेऊं. पांच वर्षांच्या धाकट्यानें दहा मोळ्या मोजाव्या, लांब-आंखूड कांडीं निवडावीं, 'ऊंस' हा शब्द मातींत काढावा. आठ वर्षांच्या मुलानें, एक मोळी २० किलोंची धरली तर एका टनांत किती मोळ्या होतील तें काढावें. टन म्हणजे १००० किलो, तेव्हां उत्तर ५०. थोरलीनें घरचा हिशेब मांडावा. केवळ उदाहरणासाठीं दर टनास ४०० रुपये आणि रोजची तोड २ टन धरूं; तेव्हां दिवसाची मजुरी ८०० रुपये. उचल ५०,००० रुपये घेतली असेल तर ती फिटण्यास साडेबासष्ट दिवस लागतील. त्यांतून आठवडी खर्ची वजा गेली, बैल आजारी पडून चार दिवस खाडा झाला, तर किती दिवस वाढतील? हें गणित पुस्तकांत नाहीं. पण मुकादमाची वही ज्या घरांत वाचतां येते, त्या घराचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून राहत नाहीं.

भाषेचेंहि तसेंच. रात्रीं आईनें किंवा वडिलांनीं एक गोष्ट सांगावी. तीस अक्षर येण्याची गरज नाहीं. धाकट्यानें तिचें चित्र काढावें, मधल्यानें तींतील पांच शब्द लिहावे, थोरलीनें ती आठ ओळींत लिहून सर्वांस वाचून दाखवावी. ज्या मातापित्यांस लिहितां-वाचतां येत नाहीं तेहि अशा रीतीनें शिकवूं शकतात. सृष्टिज्ञानासाठीं उंसाचें एक डोळ्याचें कांडें कोपीजवळ मातींत लावावें. कोंब कधीं आला, किती बोटें वाढला, तें रोज पाटीवर टिपावें. आडसाली ऊंस जुलै-ऑगस्टमध्यें लावतात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें, सुरू जानेवारी-फेब्रुवारींत. यावरून मोठ्या मुलांनीं महिने व ऋतु शिकावे आणि आपण तोडीत असलेला ऊंस किती महिन्यांचा आहे तें बागाईतदारास विचारून काढावें.

दिवसाची आंखणी

टोळी पहांटेच्या अंधारांत फडावर जाते आणि तोड संपली तरी गाडी भरण्याचें काम उरतें; त्यामुळें शहरी वेळापत्रक येथें चालणार नाहीं. दुपारीं सावलींत एक तास आणि संध्याकाळीं चूल पेटल्यावर अर्धा तास, एवढें रोज झालें तरी पुरे. दुपारच्या तासांतील पहिलीं वीस मिनिटें थोरलीची, दुसरीं वीस मधल्याचीं, तिसरीं वीस धाकट्याचीं. एकास शिकविलें जात असतां दुसऱ्यानें उजळणी किंवा शुद्धलेखन करावें. बसण्याची जागा गाड्यांच्या वाटेपासून व चालत्या कोयत्यापासून दूर असावी. आठवड्यांतून एकदां, बाजाराच्या दिवशीं, वडिलांनीं सर्वांच्या वह्या पाहाव्या. अक्षर कळो वा न कळो, बाप वही पाहतो एवढ्यानेंच मूल सावरून बसतें.

थोरल्या मुलीचा धडा आधीं

आतां तिसरा प्रश्न: शिकवावें कोणीं? फडावर धाकट्यांस सांभाळणें, पाणी आणणें व भाकरी थापणें हें बहुधा थोरल्या मुलीच्या वाट्यास येतें. तीच शिक्षिकाहि झाली तर चार मुलांपैकीं तीन शिकतील आणि चौथी, जी सर्वांस शिकविते ती, मागें राहील. बेल यांच्या पद्धतींतील दोष येथें घरोघर दिसतो. सातवी-आठवींत जी मुलगी शाळेबाहेर पडते, तिच्या लग्नाची बोलणी लौकरच सुरू होतात. मग ती स्वतः कोयता होते आणि पुढील पिढीचीं मुलें पुन्हा फडावर येतात. हें चक्र थांबवावयाचें असेल तर तिनें धाकट्यांस जरूर शिकवावें, कारण शिकविल्यानें येतें तें पक्कें होतें. पण दिवसाचा पहिला धडा तिचा असावा, आणि त्या वेळांत तिच्या कडेवर मूल किंवा हातीं घागर नसावी.

हें एकट्या घरास जड जाईल, टोळीस जाणार नाहीं. दहा कोयत्यांच्या टोळींत दहापंधरा मुलें सहज असतात. टोळींत दहावी-बारावी शिकलेली एखादी सून किंवा लेक असतेच. प्रत्येक कोयत्यानें रोज दहा रुपये बाजूस काढले तर शंभर रुपये होतात. तेवढ्यावर तिनें रोज दोन तास मुलें घेऊन बसावें, असें उचल घेतांनाच मुकादमासमक्ष ठरवून घ्यावें. मुलें डोळ्यांसमोर राहतात म्हणून तोडणाऱ्यांचेंहि चित्त कामावर राहतें. आमच्या बागाईतदार सभासदांनीं आपल्या फडाच्या कडेस सावलीची जागा व पिण्याचें स्वच्छ पाणी दिलें तर त्यांस तोशीस ती काय?

परतल्यावर

पाडव्यास गांवीं आल्यावर मुलांस तडक शाळेंत न्यावें आणि वह्या गुरुजींस दाखवाव्या. कोणती पायरी गांठली व कोठें अडलें, हें वह्यांवरून त्यांस कळेल. ज्यांचें वय वाढून शाळा सुटली आहे त्यांनींहि निराश होऊं नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या तिसरी, पांचवी व आठवीच्या तोडीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि पुढें दहावी व बारावीच्या परीक्षाहि तिच्यातर्फें देतां येतात.

जमीन हलकी असली तरी तिच्या मगदुराप्रमाणें पीक निवडून आपण चार पायल्या घरांत आणतोंच. मुलांच्या बाबतींतहि तेंच करावयाचें आहे: ज्याचा जसा मगदूर तसा त्याचा धडा, आणि एकहि वाफा पाण्यावांचून राहूं द्यावयाचा नाहीं. यंदां गाडी जुंपण्यापूर्वीं पत्र्याच्या पेटींत पुस्तकें व पाट्या भरल्या कीं नाहीं, आणि थोरल्या मुलीसाठीं वेगळी वही घेतली कीं नाहीं, एवढें प्रत्येक घरानें पाहावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.